वहीत न चढलेली कासवं

विश्रांतवाडी, पुणे
११ जानेवारी २००५

अपेक्षा, माझे बाई, तुला पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोहोचलं. पोस्टमन खालूनच ओरडत होता, मुक्ताबाई कोण, मुक्ताबाई कोण. वाशीम सोडून इतकी वर्षं झाली पण या पत्त्यावर माझ्या नावानं काही आलं नव्हतं. आलं तर तुझ्या बापाच्या नावानं, अन् तेही लाइटबिल. मी तीन जिने उतरून गेले. शेजारच्या सुशीलाबाई गॅलरीतून म्हणाल्या, "सावकाश मुक्ताबाई, पत्र पळून जात नाही." त्या शनिवार पेठेतल्या शाळेत शिकवायच्या, त्यांचं बोलणं तसलंच, सुरीनं काकडी कापल्यासारखं.

वाचायला मला सकाळ पुरली. साक्षरतेच्या वर्गात मी बावन्नाव्या वर्षी बसले, तिथल्या बाई बोट ठेवून वाचायला लावायच्या, ते बोट अजून सुटत नाही. तुझं अक्षर मात्र मुंग्यांसारखं. जरा मोठं काढत जा.

काळजी एकच. तुझ्या गावात मोबाइल लागत नाही अन् तिथल्या डब्याचा फोन बंद. मग मला कळायचं कसं? तुझा बाप रावसाहेब रोज कारखान्यातून आला की विचारतो, पत्र आलं का. वरून म्हणतो, कॉम्प्युटरची एवढी नोकरी, सहा महिने बिनपगारी रजा काढून पोरगी समुद्रावर कासवं मोजायला गेली, आता लोकांना काय सांगू? सुशीलाबाई म्हणाल्या, "प्रगती आहे, फक्त कासवाच्या गतीची." मी हसले, पण मलाही सांगता येईना. तू नेमकं करतेस काय ते मला समजेल असं लिही. अन् समुद्रात जाऊ नको. जेवतेस काय तेही लिही.

तुझी आजी

माडकोंड, जि. रत्नागिरी
२० जानेवारी २००५

प्रिय आजी,

समुद्रात जात नाही. जेवण भैरूदादांकडे होतं. ते आमच्या संस्थेचे राखणदार. पहाटे पाच किलोमीटर किनारा चालतात. मादी वाळूत अंडी घालून गेलेली असते. कोल्ह्याकुत्र्यांनी खाऊ नये म्हणून ते ती काढून आणतात, जाळीच्या कुंपणात पुन्हा पुरतात आणि पिल्लं निघाली की पाण्यात सोडतात. सगळं एका वहीत लिहितात. त्यांच्या घरच्या यमुनाबाई मला रोज भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढतात.

माझं काम त्या वहीवरून पुढचं सांगायचं. असं समज, कासवाच्या आयुष्याच्या चार खोल्या आहेत. अंड्याची, पिल्लाची, तरण्या कासवाची आणि आईची. दरवर्षी शंभरातले किती मरतात आणि किती पुढच्या खोलीत जातात, ते आकडे मी कॉम्प्युटरला देते. तो पन्नास वर्षांचा हिशोब करून सांगतो की आया वाढतील की संपतील. हजार अंड्यांमागे जेमतेम एक आईच्या खोलीत पोहोचते, तेही पंधरा वर्षांनी.

कासव वाचवायचे तीन मार्ग सुचवलेत. पहिला, आत्ता चालतंय तसं अंडी राखायची. दुसरा, पिल्लं टाकीत वर्षभर वाढवून मग सोडायची. तिसरा, मोठ्या जाळ्याच्या बोटी हंगामात किनाऱ्यापासून लांब ठेवायच्या, कारण त्या जाळ्यात कासवं गुदमरतात. यातला कोणता खरा उपयोगी हे मला सांगायचंय. मार्चअखेर पुण्यात समिती बसेल, माझ्या अहवालावरून एकाच कामाला पैसे देईल. चूक झाली तर ती पन्नास वर्षं चालेल, याची धास्ती वाटते.

संध्याकाळी सुरूच्या बनात बसते. तिथे वाळूचे नऊ उंचवटे आहेत, वर दगड आणि हळदकुंकू. गावाचे देव असावेत. तिथे फार शांत वाटतं.

तुझी अपेक्षा

विश्रांतवाडी, पुणे
२९ जानेवारी २००५

बाळ अपेक्षा,

चार खोल्यांचं मला एकदम पटलं. तुझ्या बापालाही मीच समजावून दिलं, तो पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, आपल्या घराला दोनच खोल्या, कासवं बरी. आता बिल्डिंगीत सगळ्यांना माहीत झालंय की माझी नात पन्नास वर्षांपुढचं सांगते. तळमजल्याची बाई हात दाखवायचा म्हणत होती. मी म्हटलं, हात नाही, अंडी दाखवा.

पण बाई, मला एक शंका आहे, हसू नको. गावी माझ्याकडं कोंबड्या होत्या. मुंगसानं पिल्लं नेली तर जीव हळहळायचा, पण महिन्याभरात तीच कोंबडी पुन्हा खुडूक बसायची. एकदा मुंगसानं कोंबडीच नेली. चौदा अंडी होती खाली, गार पडली. त्यानंतर वर्षभर खुराडं रिकामं होतं, शेवटी त्यात मी गोवऱ्या ठेवल्या. तुझ्या कासवाची आई तयार व्हायलाच पंधरा वर्षं लागतात म्हणतेस. मग तिच्या खोलीत मरतात किती? अंड्यांचं सगळं लिहिलंस, पिल्लांचं लिहिलंस, आईचं एका ओळीत आटपलंस.

आता हे सगळं तुला ठाऊकच असेल, तू शिकलेली. मी आपली डोक्यात आलं ते लिहिते. कुळीथ उष्ण असतं, ताक पीत जा. इथं रस्ता रुंद करायला घेतलाय, आळंदी रोडची सगळी धूळ आपल्या डाळीत.

तुझी आजी

माडकोंड
१० फेब्रुवारी २००५

प्रिय आजी,

आनंदाची बातमी. पहिला हिशोब पुरा झाला. वीज असेल तेव्हाच कॉम्प्युटर चालतो, म्हणून तीन आठवडे लागले. अंडी राखली तर रेघ वर चढते. बोटी लांब ठेवल्या तरी त्याहून फार फरक पडत नाही. टाकीच्या मार्गाचा तर खर्च जास्त, उपयोग थोडा. म्हणजे भैरूदादा आठ वर्षं करतायत तेच बरोबर. मी सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, नुसते जाळी आवळत बसले. यमुनाबाईंनी मात्र खीर केली.

तुझी शंका अगदी योग्य होती. आईच्या खोलीत किती मरतात, त्यावर सगळं टांगलेलं असतं. पण किनाऱ्याच्या वहीत आठ वर्षांत मेलेलं एकही मोठं कासव नाही. म्हणून मी शंभरात चारच मरतात असं धरलं. संस्थेच्या प्रमुख सुनीतीताई अहवाल छापायच्या घाईत आहेत. २८ मार्चला पुण्यात बैठक.

आता सुटल्यासारखं वाटतंय. हे पत्रही बनातच बसून लिहितेय, त्या चौदा देवांच्या मध्ये. अक्षर मोठं काढलंय बघ.

तुझी अपेक्षा

विश्रांतवाडी, पुणे
१७ फेब्रुवारी २००५

बाळ,

तुझं पत्र वाचून मी साखर वाटली. सुशीलाबाईंनाही दिली. त्या म्हणाल्या, मला मधुमेह आहे, पण कासवांसाठी घेते. हे झालं दुपारी. मग मी तुझी सगळी पत्रं डब्यात ठेवायला काढली, डबा तोच, तुझ्या जावळाचे केस आहेत तो, अन् ठेवताना पुन्हा वाचली. तेव्हापासून मला चैन नाही.

जानेवारीच्या पत्रात तू नऊ देव लिहिलेस. या पत्रात चौदा. देव असे वीस दिवसांत पाच वाढत नाहीत. देव बसवायचा तर गाव जमतं, नारळ फुटतात, तुला जेवायला बोलावलं असतं. गाजावाजा नाही अन् दगड वाढतात, म्हणजे तिथं कुणालातरी पुरतायत.

आमच्याकडं बैल मेला तर त्याला असंच पुरायचे. कष्टाचं जनावर, देवच तो. हळदकुंकू वाहायचं, दगड ठेवायचा. अन् किती बैल मेले असं तलाठी विचारायला आला तर कुणी सांगायचं नाही. घरातलं मढं का मोजून देतात?

तुझे भैरूदादा जाळी आवळत बसले, बोलले नाहीत, तेही मला बोचतंय. आनंदाची बातमी ऐकून माणूस गप्प का राहील? त्यांना विचार. धमकावून नको. शेजारी बसून विचार.

माझं चुकलं असेल तर चांगलंच. साखर वाया गेली असं नको व्हायला.

आजी

विश्रांतवाडी, पुणे
८ मार्च २००५

अपेक्षा, एकोणीस दिवस झाले, तुझं काही नाही. रागावलीस का? की बरं नाही? मी नको ते लिहिलं असं सारखं वाटतं. तुझा बाप म्हणतो, रविवारपर्यंत काही कळलं नाही तर तो एस.टी.नं तिकडं येणार. पोस्टकार्डावर एवढंच मावतं. दोन ओळी टाक, बरी आहेस एवढ्याच.

आजी

माडकोंड
११ मार्च २००५

आजी,

बरी आहे. बाबांना येऊ देऊ नकोस. रागावले नव्हते, तुला लिहायचं धाडस होत नव्हतं.

तुझं बरोबर निघालं. ती कासवं आहेत. परवापर्यंत सतरा झाली.

मी भैरूदादांच्या शेजारी जाळी विणायला बसले आणि विचारलं. त्यांनी हातातली गाठ पुरी केली. मग म्हणाले, पहाटे वाळूवर लागतात. मानेला जाळ्याचा वळ असतो, अंग फुगलेलं. काहींच्या पोटात अंडी असतात. त्यांचे वडीलही पुरायचे. देवळात पायरीपाशी कासव असतं, त्यावर आधी हात टेकून मगच आत जायचं, तर त्याच देवाला असं उघड्यावर कसं टाकायचं? म्हणून पुरायचं, यमुनाबाई हळदकुंकू वाहतात. आणि वहीत का नाही असं मी विचारल्यावर म्हणाले, "देवाचं मढं वहीत चढवत नाहीत, बाई."

जुने उंचवटे पावसाळ्यात सपाट होतात, ही सतरा या एकाच हंगामातली. मी ती आकड्यात घातली. मग आईच्या खोलीत शंभरात चार नाहीत, पंचवीसच्या आसपास मरतात. रेघ उलटली, आजी. एकूण एक अंडं राखलं तरी तीस वर्षांत आया संपतात. बोटी लांब ठेवल्या तरच रेघ सावरते, मग अंडी निम्मी राखली तरी चालतं.

सुनीतीताई म्हणाल्या, हे समितीपुढे गेलं तर अंडी राखण्याचे पैसे बंद होतील, बोटींवर बंदी काही येणार नाही, आणि कासवांना दोन्हीकडून काहीच मिळणार नाही. शिवाय राखणदारानं लपवलं असा ठपका बसेल. भैरूदादांनी माझ्यापुढे हात जोडले. त्यांना दुसरं काम नाही.

मला वाटतंय पहिलाच अहवाल द्यावा. वहीत जे आहे तेवढंच त्यात आहे. मेलेल्यांचा रकानाच नाही, मला कुणी विचारलंही नव्हतं. यात मी खोटं तर लिहीत नाहीये ना?

अपेक्षा

विश्रांतवाडी, पुणे
१६ मार्च २००५

माझे बाई,

आज इकडचं तिकडचं काही लिहीत नाही. तू विचारलंस त्याला उत्तर देते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बापालाही नाही.

लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा पोरच होते. पहिलं बाळंतपण झालं, मुलगा. सहाव्या दिवशी त्याची दातखीळ बसली, आठव्या दिवशी गेला. शेताच्या बांधाला पुरला. त्यानंतर पंधरा दिवसांनी शिरगणतीचा माणूस आला. खाटेवर बसला, पाणी प्याला अन् विचारलं, या सुनेला लेकरं किती? सासू म्हणाली, नाही. त्यानं लिहिलं, नाही. त्यात खोटं काय होतं, सांग. लेकरू नव्हतंच. माझं लुगडं मात्र तेव्हा दुधानं ओलं होतं.

खोटं कुणीच बोललं नाही. दुसरं मूल तसंच गेलं. आमच्या वस्तीत घराघरात हेच. सुईण नाळ विळ्यानं कापायची, ज्यानं गवत कापायचं त्याच विळ्यानं. पण कुणाला काही वावगं वाटायचं नाही, कारण ज्याच्या त्याच्या घरचं एकेकच होतं.

मग एक नर्सबाई आल्या. त्यांनी किती आहेत हे विचारलं नाही, किती गेली ते विचारलं. सगळ्या बायका गप्प. मेलेल्यांची नावं काढायची नसतात. शेवटी माझी सासूच बोलली, तीच जी नाही म्हणाली होती. तिनं आपले तीन सांगितले, मग माझे दोन. मग एकेक बाई बोलायला लागली. तीस घरांच्या वस्तीत एकोणीस निघाली. नर्सबाईंनी ते लिहिलं, वर नेलं, अन् परत येताना कोरी पाती अन् उकळलेला दोरा घेऊन आल्या, सुईणीला शिकवून गेल्या. तुझा बाप त्याच्या दुसऱ्या वर्षी झाला. तो आहे तो त्या एकोणीसमुळं आहे.

तू लिही. अन् पैसे बंद झाले तर? ते मला सांगता येत नाही, खोटी आशा लावत नाही. तुझ्या सुनीतीताईंचंही अगदीच चुकीचं नाही. मला भीती वाटतेच.

फक्त भैरूच्या पाठीमागं लिहू नको. आधी त्याला सांग की मी हे नेणार आहे. त्याचं नाव मात्र तू घेऊ नको. घ्यायचं तर तो स्वतः घेईल. रागावला, जेवायला घातलं नाही, तरी ऐकून घे. पण सांगून जा.

आजी

माडकोंड
३१ मार्च २००५

प्रिय आजी,

पुण्यात आले आणि घरी आले नाही, म्हणून आधी तुझा राग काढून घे. पिल्लं बाहेर पडायचे दिवस आहेत. स्वारगेटला उतरलो, बैठक झाली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. उतरलो असं लिहिलं, कारण भैरूदादाही बरोबर होते.

तू सांगितलंस तसं मी त्यांना आधी सांगितलं. तुझ्या पत्रातलं थोडं सांगितलं, तुझं नाव न घेता. पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. यमुनाबाई ताट वाढून बाहेर जाऊन बसायच्या. २७ तारखेला मी गाडीला गेले तर ते आधीच जागा धरून बसलेले, पांढरा सदरा, टोपी. येतो एवढंच म्हणाले.

बैठकीत मी भिंतीवर तीन रेघा दाखवल्या. एका साहेबांनी वही उलटीपालटी केली आणि विचारलं की यात मेलेलं एकही कासव नाही, मग तुमची सतरा आली कुठून? मी त्यांचं नाव घेतलं नाही, म्हटलं, बनातले उंचवटे मोजले. सुनीतीताई खाली बघत होत्या.

दाराजवळून भैरूदादा उठले. म्हणाले, "साहेब, मी पुरलीत." आणि एकेक सांगायला लागले. पौष वद्य चतुर्थी, खडपाजवळ, मादी, पोटात अंडी. माघ शुद्ध द्वितीया, खाडीच्या तोंडाशी, मादी, मानेत जाळं. कागद नाही, काही नाही. सतराच्या सतरा सांगितली. पहिल्या दोनतीनला साहेब लिहून घेत होते, मग त्यांनी पेन ठेवलं. वहीत का नाही लिहिलंत, असं त्यांनी हळूच विचारलं. भैरूदादा म्हणाले, "रकाना नव्हता. अन् धीर नव्हता."

निकाल असा. टाकीचा मार्ग रद्द. पुढच्या जानेवारीपासून दोन महिने मोठ्या बोटींनी किनाऱ्यालगत जाळं टाकू नये, अशी मच्छीमार सोसायट्यांना विनंती जाणार. हुकूम नाही, विनंतीच. दोन वर्षं बघणार. त्याची नोंद ठेवायला पैसे लागतात म्हणून राखणदाराचा पगार बारा महिन्यांऐवजी चार महिने. म्हणजे भैरूदादांना चारच महिने काम.

परतीच्या गाडीत घाट उतरेपर्यंत ते टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "उरलेले आठ महिने काय करायचं, बाई?" गावात बोटवाले आता त्यांना हाक मारत नाहीत. काल त्यांनी पट्टी घेऊन वहीत नवा रकाना आखला. रेघ थोडी वाकडी आली, पण मी काही म्हटलं नाही.

मी केलं ते बरोबर ना, आजी?

अपेक्षा

विश्रांतवाडी, पुणे
७ एप्रिल २००५

बाळ अपेक्षा,

घरी आली नाहीस त्याचा राग आहे, तो समोर भेटल्यावर काढीन. पत्रात वाया घालवत नाही.

तुझं पत्र मी तुझ्या बापाला वाचून दाखवलं, सगळं, न अडखळता. भैरू उठला तिथं आल्यावर तो उठून गॅलरीत गेला. सुशीलाबाईंना सांगितलं तर त्यांनी चष्मा पुसला अन् पहिल्यांदाच काही टोचून बोलल्या नाहीत. मला इतकं भरून आलं की मी भाजीत दोनदा मीठ घातलं. अगं, माझ्या नातीनं अन् एका राखणदारानं पुण्याच्या साहेबांचं पेन खाली ठेवायला लावलं.

बरोबर केलंस का विचारतेस. केलंस. पण बरोबर केलं म्हणून सगळं नीट होतंच असं नाही. त्या माणसाचे आठ महिने तुझ्या माझ्या डोक्यावर आहेत, ते विसरायचं नाही. त्यांच्याकडं जेवतेस तशीच जेवत राहा, यमुनाबाई बाहेर जाऊन बसल्या तरी. आज ना उद्या त्या आत येतील. अन् तुझ्या सुनीतीताईंना म्हणावं, बोटींवर नजर ठेवायला माणूस लागेलच, तो किनारा भैरूएवढा कुणाला माहीत आहे? हे बैठकीत कुणाच्या डोक्यात आलं नाही का? पुढच्या बैठकीची वाट बघू नको, आत्ताच कागद टाक.

मला आता जानेवारीची धास्ती आहे. नुसती विनंती ऐकून बोटी थांबतील का? पोटं त्यांनाही आहेतच. तुझी रेघ पन्नास वर्षांची, त्यातलं पेरभर तरी माझ्या वाट्याला येतं की नाही कोण जाणे. तेव्हा मला सारखं कळवत जा. आजीला वाईट वाटेल म्हणून आकडा लपवू नको. मढं लागलं की लिही, कुठं, नर की मादी.

अन् ज्या आठवड्यात भैरूच्या त्या रकान्यात काहीच चढणार नाही, त्या आठवड्यात काही लिहू नको. कोरं अंतर्देशीय घडी घालून टाक. पोस्टमन म्हणेल, म्हातारे, यात तर काहीच नाही. मी जिन्यात बसून वाचीन.

तुझी आजी